ताईजींचा डुगडुगता पाट

माणूस समोर आला की आपण त्याचं तोंड बघतो. कुमुदताई मोहिते पाय बघायच्या. चपलेची कुठली कड झिजलीय, उभं राहताना भार कुठल्या पायावर टाकलाय, उंबरा ओलांडताना हात चौकटीला लागतो का, हे सगळं बघून झालं की मग सावकाश वर, चेहऱ्याकडे. तोवर त्यांचं मत बनून गेलेलं असायचं. पहिल्या भेटीत मी नाव सांगायच्या आतच त्या म्हणाल्या, "डावा गुडघा दुखतो ना तुमचा? आणि चिडता फार."

गुडघ्याचं एक वेळ समजू शकते मी. पण चिडण्याचं त्यांना पायांवरून कसं कळलं, हे मी त्यांना पुढे कितीदा तरी विचारलं. त्या नुसत्या हसायच्या आणि म्हणायच्या, "अर्धा कप चहा घेणार का?"

इंदूरच्या मल्हारगंजात त्यांना सगळे ताईजी म्हणत. भाजीवाला, शेजारचा गादीवाला, एवढंच काय, बडोद्याला असलेला त्यांचा स्वतःचा मुलगासुद्धा फोनवर ताईजीच म्हणायचा. सरकारी दवाखान्यात फिजिओ म्हणून सगळी नोकरी काढली, निवृत्त झाल्या आणि घराच्या खालच्या खोलीत खेळाडूंचे पाय बघायला लागल्या. पाटी नाही, जाहिरात नाही. 'गादीवाल्याच्या बाजूचं दार' एवढाच पत्ता. अंगावर साधी सुती साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, नाडीला दुहेरी गाठ. लग्नातसुद्धा तेच बूट. कुणी टोकलं तर म्हणायच्या, "आमचे खापरपणजोबा संस्थानच्या फौजेत होते. घोड्यावरून उतरताना पाय मुरगळला आणि कायमचे घरी बसले. तेव्हापासून आमच्या घराण्यात कुणी पायांशी मस्करी करत नाही."

खरं होतं का हे? देव जाणे. खापरपणजोबा कधी घोड्यावरून पडायचे, कधी हत्तीवरून.

मी त्यांच्याकडे गेले ती ऋतुजासाठी. मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन इंदूरला आले आणि अन्नपूर्णा भागातल्या एका शाळेत व्यायामशिक्षिका म्हणून लागले, त्याला बारा वर्षं झाली. ऋतुजा पवार ही माझ्या खो-खोच्या संघातली सगळ्यात चांगली मुलगी. बसलेल्या मुलींमधून नागमोडी पळायचं, त्याला आम्ही साखळी म्हणतो, ती ऋतुजासारखी खेळणारी मुलगी मी दुसरी बघितली नाही. अंगाला वारा लागू द्यायची नाही. ताईजींकडे जायच्या दोन वर्षं आधी एका सामन्यात खांबाला वळसा घालताना तिचा उजवा पाय मुरगळला. सामना हातातून चालला होता. मी थंड फवारा मारला, चिकटपट्टी गुंडाळली आणि दहा मिनिटांत तिला परत आत पाठवलं. हो, मीच. आम्ही जिंकलो, मी शाळेत पेढे वाटले.

आणि मग तो पाय मुरगळतच राहिला. मैदानात मुरगळायचा, जिन्यावर मुरगळायचा, एकदा तर मामाच्या लग्नात सपाट सतरंजीवर मुरगळला. डॉक्टरांनी फोटो काढले, हाड शाबूत होतं. घोट्याचे बंध सैल पडलेत म्हणाले, व्यायाम करून बघा, नाही जमलं तर ऑपरेशनचा विचार करू. तिचे वडील जुनी इंदूर भागात शाळेचे गणवेश शिवतात. मितभाषी माणूस. त्यांनी घरात सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आणखी एकदा मुरगळला की खेळ बंद." आणि राज्याच्या संघात जायचं तिचं वयाप्रमाणे हे शेवटचं वर्ष होतं. ती मुलगी तेव्हा हसायचीच बंद झाली होती. मैदानात यायची, पायाला पट्टी बांधून घ्यायची आणि पाय जमिनीवर असा टेकवायची की जणू खाली काचा पसरल्यात.

ताईजींनी ती पट्टी बघितली. "कुणी बांधली?"

"मी," मी जरा ताठ होऊन म्हटलं.

"छान बांधलीय. एकदम शिस्तीत," असं म्हणून त्यांनी कात्री घेतली आणि ती वरपासून खालपर्यंत कापून टाकली. "आता डाव्या पायावर उभी राहा बाळा. हं. आता उजव्या."

डाव्यावर ठीक होती. उजव्यावर उभी राहिली तर पायाची बोटं जमीन धरायला लागली, हात हवेत गेले आणि श्वास दोनदा घ्यायच्या आत दुसरा पाय खाली. ताईजी माझ्याकडे वळल्या. "आता तुम्ही."

"मला काय झालंय?"

"बघू तर."

मी उभी राहिले. इतकी वर्षं मुलींना 'सरळ उभ्या राहा' म्हणून ओरडणारी मी. एक हेलकावा, दुसरा हेलकावा, आणि सरळ कोपऱ्यातल्या गाद्यांच्या ढिगावर. ऋतुजा खुदकन हसली. किती दिवसांनी! मी चिडले होते, पण त्या हसण्यापुढे काय चिडायचं.

"हाडबिड काही नाही," ताईजींनी तिला समजावलं. "घोटा बहिरा झालाय तुझा. पाय वाकडा पडून राहिलाय ही बातमी त्याला मिळते, पण उशिरा मिळते. तोवर तू खाली. आपण त्याचे कान उघडू. टाइम लागतो, पण उघडतात."

"आणि पट्टी?" मी विचारलं.

"पट्टीशी माझं भांडण नाही. सामन्यात बांधा खुशाल. पण चोवीस तास बांधून ठेवाल तर घोटा म्हणेल, चला, आपल्याला इथे कामच नाही. साताराबाई, तुम्ही पट्टीला खेळवून राहिल्या, मुलीला नाही." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी साताराबाई झाले ती झालेच.

त्या खोलीत एकही मशीन नव्हतं. बाजूच्या गादीवाल्याकडून आणलेल्या तीन जुन्या गाद्या होत्या: एक दगडासारखी कडक, एक मऊ आणि एक कापसाच्या गाठी पडलेली. आधी जमिनीवर उभं राहायचं, मग या तीन गाद्यांवर क्रमाने, आणि शेवटी पाट. जेवायला बसायचा असतो तसा लाकडी पाट, पण गल्लीतल्या सुताराकडून त्याच्या पोटाला मधोमध अर्धा लाकडी गोळा ठोकून घेतलेला. त्यावर पाय ठेवला की तो चारी दिशांना डुगडुगायचा. पुण्या-मुंबईला यासाठी रंगीत प्लॅस्टिकच्या चकत्या मिळतात हे त्यांना ठाऊक होतं. "मिळू देत की," म्हणायच्या.

एकदा तिथे एक पैलवान आला होता. आखाड्यात घोटा गेलेला, दारातून आडवा होऊन आत यावा लागेल एवढा देह. पाट बघून तो मागे सरकला. "ताईजी, पाट पे पैर कैसे रखूँ? इस पे तो भगवान बैठते हैं."

ताईजींना हे पटलं. त्या थोडा विचार करून म्हणाल्या, "पहले नमस्कार कर ले, माफी माँग ले, फिर चढ़."

पैलवानानं वाकून दोन्ही हातांनी पाटाला नमस्कार केला, पुटपुटला, चढला आणि पुढच्या क्षणी असा पडला की गादीवाला दुकान टाकून धावत आला. "काय पडलं, ताईजी?"

"काही नाही भिया, सराव चालू आहे."

तेव्हापासून त्या खोलीत पायंडाच पडला. जो येईल तो आधी पाटाला नमस्कार करायचा, मग पाय ठेवायचा. बॅडमिंटनवाली इंग्रजी शाळेतली पोरंसुद्धा. मीही करायचे. करायचे म्हणजे काय, करावासाच वाटायचा.

ताईजींनी कुणाला शाबासकी दिलेली मी ऐकली नाही. फार चांगलं जमलं तर "उद्या ये" म्हणायच्या, आणि काहीच जमलं नाही तरी "उद्या ये"च. मोजणी त्यांची स्वतःची होती. वीस, एकवीस, बावीस असं मोजता मोजता मध्येच खिडकीतून भाजीवाल्याशी दोडक्यांवरून वाद घालायच्या आणि परत येऊन म्हणायच्या, "हं, एकोणीस." पोरं कळवळायची. "ताईजी, कसम से, तीस झाले होते!" त्यावर उत्तर ठरलेलं: "तुझ्या मोजणीत झाले असतील." कुणी "मी पडेन" म्हटलं की त्या गाद्यांकडे हात दाखवायच्या. "पड ना! या कशाला ठेवल्यात?" घरी दात घासताना एका पायावर उभं राहायचं, हा सगळ्यांना गृहपाठ. माझा नवरा एकदा बेसिनपाशी मला तसं बघून आल्या पावली परत खोलीत गेला होता.

दुसऱ्या आठवड्यात डोळे मिटायची पाळी यायची. एका पायावर, डोळे बंद. यातून ताईजींनी कुणाला सोडलेलं नव्हतं, पैलवानाला तर मुळीच नाही. ऋतुजानं डोळे मिटले आणि तिचं सगळं अंग थरथरायला लागलं. तिनं ताईजींचा दंड घट्ट धरला. "मला खांबच दिसतो, ताईजी. पडले तेच दिसून राहतं." आणि रडायला लागली, मोठ्यानं, लहान मुलीसारखी.

ताईजी विरघळल्या. मी बघतच राहिले. त्यांनी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. "बरं बरं. नको मिटू. डोळे उघडे ठेव. ते समोर कॅलेंडर आहे ना, त्याच्यावर नजर लाव. डोळ्यांचं नंतर बघू."

ते 'नंतर' काही आलं नाही. खोली अरुंद, समोर एकच भिंत, भिंतीवर कॅलेंडर. ऋतुजा रोज शाळा सुटल्यावर यायची, पाटाला नमस्कार करायची आणि कॅलेंडरकडे बघत उभी राहायची. कडक गादी झाली, मऊ झाली, गाठींची झाली, पाट झाला. पाटावर तर अशी स्थिर की गादीवाला गिऱ्हाइकांना दाखवायला आणायचा. मला वाटलं, जिंकलो आपण. मीच घाई केली, म्हटलं, आता मैदानात उतरवू. ताईजी म्हणाल्या, "उतरवा."

सकाळचा सराव होता. पहिल्या तीन साखळ्या तिनं सुरेख काढल्या. चौथ्या वेळी ती खांबापाशी पोचली, पाठलाग करणारी मुलगी कुठे आहे ते बघायला मान वळवली आणि पाय गेला. ती खाली बसली. रडली नाही. शांतपणे स्वतःच्या बुटाची नाडी सोडायला लागली. तिचं ते न रडणं मला अजून आठवतं.

संध्याकाळी मी आणि ताईजी त्यांच्या घरी गेलो. सूज फार नव्हती. ऋतुजा पाय स्टुलावर ठेवून बसली होती. पवारजी मशीनवर होते, निळ्या गणवेशांचा ढीग बाजूला. त्यांनी आम्हाला नमस्कार केला आणि एवढंच म्हणाले, "मॅडमजी, मी तर आधीच बोललो होतो." माझ्या डोक्यात माफीची सगळी वाक्यं तयार होती, एकही बाहेर पडेना. तिच्या आईनं चहा आणला. बिचारीला ती शांतता सोसेना, म्हणून काहीतरी बोलायचं म्हणून ती स्वतःशीच म्हणाली, "अगंबाई, या महिन्यात संकष्टी कधी आहे?"

"शुक्रवारी," ऋतुजा खालमानेनं म्हणाली. "पुढच्या शुक्रवारी एकादशी. रविवारी प्रदोष, मंगळवारी अमावास्या. सत्तावीसला दूधवाल्याची सुट्टी."

आई हसली. "तुला कधीपासून तिथ्या पाठ व्हायला लागल्या?"

"ताईजींच्या भिंतीवर कॅलेंडर आहे ना. रोज तेच तर बघून राहते मी. दूधवाल्याचं ताईजींनीच पेनानं लिहून ठेवलंय."

ताईजींचा कप तोंडापाशी गेलेला तसाच थांबला. मग त्यांनी तो हळूच बशीत ठेवला. "बाळा, उभी राहा. डाव्या पायावर, चांगल्या. हात खुर्चीला ठेव, मग सोड." ऋतुजा उभी राहिली. "आता माझ्याकडे बघ. आता दाराकडे. आता पप्पांकडे. आता मागे मॅडमकडे." तिसऱ्या वळणाला ती डगमगली आणि खुर्चीत बसली. चांगल्या पायावरून!

ताईजी उठून मशीनपाशी गेल्या. "पवारजी, चूक मुलीची नाही. मॅडमची पण नाही. माझी आहे. मी हिला डोळ्यांनी उभी केली, पायांनी केलीच नाही. मैदानात कॅलेंडर कुठून येणार? तिथे नजर चारी दिशांना पळते. मला माहीत होतं हे, तीस वर्षांपासून माहीत आहे. पण ही रडली आणि मला दया आली. सगळ्यांना डोळे मिटायला लावते मी, हिला सोडलं. सूज उतरली की मला दोन महिने द्या. मग तुम्ही म्हणाल तसं."

पवारजींनी मशीन थांबवलं. "ताईजी, तुम्ही स्वतः चूक मानून राहिल्या? डॉक्टर लोक तर कधी मानत नाहीत."

"मी डॉक्टर कुठे आहे भिया?"

त्यांनी सुईतला दोरा उगाच तपासला. पुन्हा पायडल मारलं, पुन्हा थांबवलं. ऋतुजा त्यांच्याकडे अशी बघत होती की मी दुसरीकडे बघायला लागले. "दोन महिने," ते म्हणाले. "त्याच्यावर एक दिवस नाही."

परत येताना रिक्षात मी ताईजींना म्हटलं, तुम्ही कशाला सगळं स्वतःवर घेतलंत, पहिला गुन्हा माझा, मीच तिला सामन्यात परत ढकललं होतं. त्या म्हणाल्या, "तुमचं तुमच्यापाशी, साताराबाई. मी माझंच घेतलंय."

सूज उतरली तशी ऋतुजा परत आली. कॅलेंडर गादीवाल्याकडे गेलं होतं. आता ताईजींनी दया दाखवली नाही. ऋतुजा डोळे मिटायची, मी एका बाजूला, ताईजी दुसऱ्या बाजूला, हात धरायचा नाही, नुसता जवळ ठेवायचा. पहिले चार दिवस रडणं, पाचव्या दिवशी पडणं. आठव्या की नवव्या दिवशी ती डोळे मिटून उभी राहिली आणि राहिलीच. "ताईजी, आत काहीतरी हलून राहिलंय. बारीक बारीक."

"घोट्याचं काम चाललंय. चालू दे," ताईजी म्हणाल्या आणि मोजायचं सोडून भाजीवाल्याशी बोलायला गेल्या. खरं तर त्या दिवशी भाजीवाला आलाच नव्हता.

मग त्यांनी तिला खोलीबाहेर काढलं. गाठींची गादी गादीवाल्याच्या ओट्यावर टाकली आणि ऋतुजा भर मल्हारगंजात, हातगाड्या आणि स्कूटर आणि हॉर्नच्या मधोमध, एका पायावर. ताईजी समोरून लिंबं फेकायच्या, ती झेलायची. मध्येच प्रश्न: "आता गेली त्या स्कूटरवर किती माणसं होती?" लोक थांबून बघायचे. ऋतुजाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण खरी परीक्षा सकाळी पोह्यांच्या दुकानासमोर. तिथे रांग असते, धक्काबुक्की असते, शेव आणा, जलेबी द्या असा आरडाओरडा असतो. त्या रांगेत एका पायावर उभं राहायचं आणि मान वळवून दुकानांची नावं वाचायची. ऋतुजानं साफ नकार दिला. "ताईजी, लोक हसतील."

"हसू देत. आपण दोघी आहोत ना," असं म्हणून ताईजींनी स्वतः एक पाय उचलला. चौसष्ट वर्षांच्या, साडी, कॅनव्हासचे बूट. मग काय, मलाही उचलावा लागला. तिघी जणी बगळ्यांसारख्या रांगेत. कुणीतरी विचारलं, "क्या हुआ माताजी, काँटा लग गया क्या?" पोहेवाल्याला दया आली, त्यानं हाका मारून आम्हाला पुढे बोलावलं, बसायला बाकडं दिलं. ताईजी तिथूनच ओरडल्या, "नहीं भिया, लाइन में ही रहने दो। लाइन के लिए ही तो आए हैं।" अख्खी रांग हसली. ऋतुजापण हसली, हसताना डगमगली, आणि कुठेही न धरता सावरली. मी ताईजींकडे बघितलं. त्या पाटी वाचून राहिल्या होत्या, मुद्दाम.

शेवटच्या तीन आठवड्यांत मैदान. उडी मारून एका पायावर उतरायचं, मी मागून 'खो' ओरडले की त्याच क्षणी दिशा बदलायची. डावीकडे, उजवीकडे, खांबाला वळसा. ती खांबापाशी आली की मला डोळे मिटावेसे वाटायचे, पण मी ओरडत राहिले. ओरडणं तेवढं मला चांगलं जमतं.

राज्याच्या संघाच्या निवडीचा सामना आला. पवारजी आले होते, गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली. बायकोला सांगून आले होते की बटणं आणायला जातो. ताईजी मागे पायऱ्यांवर बसल्या होत्या. ऋतुजा आत उतरली. एक साखळी, दुसरी साखळी. मग ती खांबापाशी गेली, पाठलाग करणारी अगदी जवळ आली, ऋतुजानं मान मागे टाकली आणि तिचा उजवा पाय कडेवर पडला. मी बघितलं. बाहेरच्या कडेवर, अगदी तस्साच. "गेला!" मी मोठ्यानं म्हणाले. पवारजींनी तोंड फिरवलं.

आणि तो पाय सावरला. आपला आपण. तिनं काही केलं नाही, थांबली नाही, खाली बघितलं नाही. पाय कडेवरून सपाट झाला, तिनं खांब धरून वळसा घेतला आणि ती पुन्हा साखळीत शिरली, सळसळत. शिट्टी होईपर्यंत कुणाच्या हाती लागली नाही. देवा, सुटलो रे, असं मी किती वेळा म्हटलं कुणास ठाऊक. पवारजी मला पुन्हा पुन्हा विचारत होते, "बाद नाही ना झाली? पडली नाही ना?" मी नुसती मान हलवत होते.

निवडीच्या यादीत तिचं नाव आलं ते चार दिवसांनी. ती राज्याकडून खेळली, आता कॉलेजच्या संघात आहे, पाय पुन्हा गेला नाही. निवड झाली त्याच वर्षी दिवाळीनंतर ताईजी मुलाकडे बडोद्याला गेल्या. फोन होतो आमचा. तिथल्या सोसायटीतल्या म्हाताऱ्यांना त्यांनी एका पायावर उभं केलंय असं ऐकते. तेव्हापासून मी त्यांना बघितलेलं नाही, पण माझ्यापाशी आहेत त्या त्या सामन्याच्या दिवशीच्याच ताईजी.

शिट्टी झाल्यावर त्यांनी पायऱ्यांवरून मला खूण केली होती: जा, विचार. मी धावत गेले. ऋतुजा पाण्याची बाटली तोंडाला लावून उभी होती, धापा टाकत, लालबुंद.

"पाय कसा आहे?"

"कुठला?" ती म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं मी काय विचारतेय ते. मग मैत्रिणींनी हाक मारली आणि ती पळाली.

मी परत येऊन ताईजींना सांगितलं. त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग पदर तोंडाला लावला आणि रडल्या, चांगल्या खांदे हलवून रडल्या, एवढ्या लोकांत. मला काय करावं कळेना, मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला तर माझेच डोळे वाहायला लागले. मग त्या रडता रडता हसायला लागल्या. शेजारी कुठल्या तरी मुलीची आई डबा मांडीवर घेऊन बसली होती, ओळख ना पाळख. ताईजींनी तिचं मनगट धरलं.

"ऐकलंत का हो? पाय कसा आहे विचारलं, तर म्हणते, कुठला! कुठला, म्हणते!"

त्या बाईला काही कळलं नाही, पण तीही हसायला लागली.